टोपीवाल्यांच्या डोक्यात चढलेला पारा

कोणी विचित्र वागलं की जुने इंग्रज म्हणायचे 'मॅड ॲज अ हॅटर', म्हणजे हॅट बनवणाऱ्यासारखा ठार वेडा. आता हॅटवाल्यांनी काय घोडं मारलं होतं? बऱ्याच जणांना वाटतं हे 'ॲलिस इन वंडरलँड' या गोष्टीतल्या विक्षिप्त हॅटरवरून आलं, पण ते पुस्तक १८६५ चं, आणि हा वाक्प्रचार १८३७ मध्येही छापलेला सापडतो.

संशय जातो तो पाऱ्यावर. हॅटचं फेल्ट, म्हणजे नमद्याचं जाड कापड, विणत नाहीत, प्राण्यांची लव दाबून आणि वाफवून तयार करतात. बीव्हर या पाणथळ जागी राहणाऱ्या प्राण्याची लव छान गुंतते पण महाग, सशाची स्वस्त पण गुळगुळीत, ती आपसूक धरत नाही. मग नायट्रिक ॲसिडमध्ये पारा विरघळवून ते पाणी ब्रशने सशाच्या कातड्यावर फासायचे, त्याने केसांमधलं केराटिन हे प्रथिन ढिलं पडतं, केस खडबडीत होऊन वळतात आणि एकमेकांत मस्त अडकतात. सुकवताना लवेची टोकं गाजरासारखी केशरी व्हायची म्हणून या कामाचं नावच पडलं कॅरटिंग.

खरा घोळ पुढे. हेच फेल्ट गरम पाण्यात बुचकळून, वाफेवर धरून तासन् तास आकार द्यायचा, तोही कोंदट खोलीत. पारा गिळला तर आतड्यातून रक्तात फारसा जात नाही, पण त्याची वाफ श्वासातून गेली की जवळपास ८० टक्के शरीरातच मुरते आणि मेंदूपर्यंत पोचते. हात थरथरायचे, हिरड्या सुजायच्या, दात हलायचे. अमेरिकेत कनेटिकटमधलं डॅनबरी हे हॅटचंच गाव, तिथे या थरथरीला 'डॅनबरी शेक्स' म्हणायचे.

स्वभावही बदलायचा, पण कसा बघा, माणूस बुजरा व्हायचा. एकट्याने जमणारं काम कोणी बघत उभं राहिलं की बिघडायचं, तोंड लालबुंद, मग चिडचिड. याला डॉक्टर एरेथिझम म्हणतात. आणि ॲलिसमधला हॅटर? चहाच्या टेबलावर अनोळखी मुलीला कोडी घालणारा, अखंड बडबड्या! म्हणून काही जाणकार म्हणतात तो पाऱ्याचा पेशंट नाहीच, आणि मला ते पटतं. वाक्प्रचाराचा उगमही पाराच असं छातीठोकपणे कोणी सांगू नये, पण कामगारांचा आजार मात्र शंभर टक्के खरा. आपल्याकडे राग आला की पारा चढतो तो थर्मामीटरमधला, यांच्या तो खरोखरच डोक्यात गेला होता.

अमेरिकेतच, न्यू जर्सीतल्या एका डॉक्टरने १८६० मध्येच हॅटवाल्यांच्या या आजाराबद्दल लिहून ठेवलं होतं. तरी अमेरिकेत हॅटच्या धंद्यातून पारा हद्दपार व्हायला डिसेंबर १९४१ उजाडला, त्यातही युद्धासाठी डिटोनेटरला, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या कळीला, पारा हवा होता हे एक कारण. डॅनबरीच्या स्टिल नदीच्या गाळात त्या कारखान्यांचा पारा नंतर कित्येक वर्षांनीही सापडलाय.