सह्या देशांच्या, वास्तू शहरांच्या

मुंबईत सीएसएमटीसमोर किंवा ओव्हल मैदानाजवळ, म्हणजे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या ठिकाणी, काही खुट्ट झालं की ‘युनेस्को काय करतंय?’ असा सवाल येतो. युनेस्कोच्या हातात ना बांधकाम परवानगी, ना गटारं, ना जाहिरातफलक. ते सगळं शहराकडे. ऐतिहासिक शहरं एकमेकांकडे का वळली, याचं मूळ इथेच आहे.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी व्हेनिस समुद्राच्या भरतीने बुडालं, त्याच दिवशी फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदी घुसली. युनेस्कोने हाक दिली आणि देशोदेशीच्या खासगी समित्यांनी व्हेनिसमधली चर्च आणि चित्रं यांच्या दुरुस्तीला पैसे उभे केले. एका शहराचा वारसा जगाने सांभाळायचा, ही कल्पना तिथे रुजली. १९७२ मध्ये जागतिक वारसा करार झाला. भारत १९७७ मध्ये त्यात आला. पण सह्या करणार सरकारं, आणि महापौरांना तिथे खुर्ची नाही.

म्हणून शहरांनी आपली वेगळी बैठक मांडली. १९८७ मध्ये जपानच्या क्योटोने ऐतिहासिक शहरांची जागतिक परिषद भरवली; त्यातून पुढे या शहरांचा संघ उभा राहिला. १९९१ मध्ये कॅनडातल्या क्यूबेकला जागतिक वारसा शहरं जमली, तर १९९३ मध्ये मोरोक्कोतल्या फेझ इथे त्यांची रीतसर संघटना झाली. शहराचा निर्णय किती जड असतो, हे जर्मनीतल्या ड्रेस्डेनने दाखवलं. एल्बे नदीवर पूल हवा, असा कौल २००५ मध्ये नागरिकांनीच दिला. त्या पुलापायी २००९ मध्ये तिथल्या एल्बे खोऱ्याचं नाव जागतिक वारसा यादीतून गेलं.

आपल्या मुंबईचं योकोहामाशी (१९६५) आणि श्टुटगार्टशी (१९६८) भगिनी-शहराचं नातं जुनं, पण तो मैत्रीचा मामला; वारशाशी त्याचा संबंध बेताचाच. खरं काम घरच्या घरी झालं. १९९५ ची मुंबईची हेरिटेज नियमावली देशातली पहिली. युनेस्कोच्या यादीत त्याआधी घारापुरी आली होती, १९८७ मध्ये. (ती रायगड जिल्ह्यात; पण बोट गेटवेहून सुटते, म्हणून मुंबईकर तिला आपलीच धरतात.) २००४ मध्ये आपलं बोरीबंदर, म्हणजे सीएसएमटी, आलं.

२०१८ ची नोंद मात्र वेगळी आहे: ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींची. ओव्हलच्या पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. पश्चिमेला बॅकबेच्या भरावावर उभ्या राहिलेल्या, प्रामुख्याने १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती: गोलाई दिलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर पावसासाठी काढलेले लांबट छज्जे, सिमेंटमध्ये उठवलेली नावं. दोन्ही बाजू मिळून एकूण ९४ इमारती. यातल्या कित्येकांत आजही लोक राहतात, कपडे वाळत घालतात. नामांकनासाठी पाठपुरावा करणाऱ्यांत इथल्या रहिवासी संघटनाही होत्या. यांपैकी एखादी बाल्कनी बंद करून सरकत्या काचा बसवायच्या असतील, तर तो अर्ज पॅरिसला, युनेस्कोच्या मुख्यालयात, जात नाही, पालिकेत येतो.