आधी बॉडी, मग पासिंग: मुंबईतल्या पिकअपमागची पार्श्वभूमी

मुंबईत धंद्यासाठी पिकअप घेणाऱ्याने पूर्ण तयार गाडी क्वचितच घेतली. शोरूममधून निघायची ती कॅब आणि मागे उघडी चॅसी, म्हणजे चाकांवरचा नुसता सांगाडा. माल भरायचा हौदा, त्याची उघडणारी बाजू म्हणजे फाळका, ताडपत्रीच्या कमानी, कॅबच्या टपावरचं कॅरिअर हे सगळं नंतर, ओळखीच्या बॉडीवाल्याकडे. मासळीवाल्याची गाडी वेगळी, मंडपवाल्याची वेगळी, लाद्या वाहणाऱ्याची त्याहून वेगळी. गेल्या सात-आठ वर्षांत बॉडी, टायर, बंपर यांवरून जो गोंधळ झाला, त्याचं मूळ या सवयीत आहे. सवय जुनी होती, कायदा बदलत गेला, आणि दोघांची गाठ 2019 च्या जानेवारीत पडली.

आधी ‘हेवी ड्यूटी’ या शब्दाबद्दल, कारण नवा गिऱ्हाईक इथेच फसतो. अमेरिकेत ज्यांना हेवी ड्यूटी पिकअप म्हणतात, त्या गाड्यांचं मालासकट एकूण वजन साधारण 3.9 ते 6.4 टनांच्या घरात असतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात 7500 किलोपर्यंतचं वाहन ‘हलकं’ आणि 12,000 किलोच्या पुढचं मालवाहू वाहन ‘जड’. म्हणजे तिथला दांडगा डिझेल पिकअप इथे कागदावर हलकाच ठरला असता. आपल्याकडे गाडीच्या नावामागे एचडी लागतं ते भारक्षमतेसाठी. 2023 मध्ये आलेल्या बोलेरो मॅक्स पिकअपच्या एचडी मालिकेत सर्वांत मोठी गाडी 2 टनांपर्यंत माल घेते. जड वाहन चालवायचा परवाना तिला लागत नाही. हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7500 किलोपर्यंतचं मालवाहू चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायम केलं.

मागचा इतिहास थोडक्यात. ‘टेम्पो’ हा शब्द मुंबईला मिळाला तो 1958 पासून गोरेगावात बनू लागलेल्या, जर्मन बनावटीच्या तीनचाकीमुळे. कंपनी पुढे पुण्याकडे गेली, नाव मात्र इथेच राहिलं. आजही आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पोच म्हणतो. 1986 साली टाटाची 407 आली, 1988 मध्ये टाटाच्याच 206 च्या रूपाने देशी पिकअप आला, 2000 नंतर बोलेरोच्या सापळ्यावरचे पिकअप आले आणि 2005 मध्ये ‘छोटा हत्ती’, म्हणजे टाटा एस. मोठा ट्रक वाशीला किंवा भिवंडीला माल उतरवणार आणि मस्जिद बंदर, भुलेश्वर, दादरच्या गल्ल्यांत छोटी गाडी शिरणार, ही विभागणी घट्ट होत गेली तशी पिकअपची मागणी वाढली आणि बॉडीच्या तऱ्हाही वाढल्या.

त्यातली एक बॉडी जवळून पाहण्यासारखी आहे. भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला उभी असलेली मासळीची गाडी घ्या. बर्फाचं खारं पाणी साध्या पत्र्याला लवकर खाऊन टाकतं. आधी रंगाला फोड येतात, मग फाळक्याच्या बिजागऱ्या धरतात, मग हौद्याच्या कोपऱ्यांतून चाकांवर पाणी गळायला लागतं. म्हणून जाणता मालक तळाला न गंजणारा पत्रा बसवून घेतो, त्याच्या कडा चार बोटं वर वळवून घेतो आणि मागच्या बाजूला पाणी काढायची भोकं ठेवतो. फाळक्याची साखळी जाड, आकडे मोठे, म्हणजे ओल्या हातानेही पकडता येतात. या कामात दिखाऊ काही नाही, हौद्याचं आयुष्य वाढवण्यासाठीच ते केलेलं असतं. ‘मॉडिफिकेशन’ म्हटलं की डोळ्यांपुढे लाइट बार आणि उंच टायर येतात, पण या शहरातलं खरं मॉडिफिकेशन हे असं आहे. नियमांच्या चर्चेत त्याचा विचार फार कमी झाला, असं मला मनापासून वाटतं.

आता कायदा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 52 मूळचं सौम्य होतं. बदल करायचा असेल तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवा, मंजुरी घ्या, आरसी बुकात नोंद करून घ्या. 2000 साली दुरुस्ती झाली आणि कलमाची दिशाच फिरली. उत्पादकाने मुळात जो तपशील दिला, त्याच्याशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल करायचाच नाही. अपवाद मुख्यतः इंधनाचा, म्हणजे सीएनजीसारखं किट बसवण्याचा. ही दुरुस्ती गॅरेजपर्यंत पोचलीच नाही. जवळजवळ वीस वर्षं बॉडीवाले आणि गाडीमालक जुन्याच समजुतीवर चालले: नंतर करून घेऊ, पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, दाखवू, नोंद होऊन जाईल. अनेकदा ती होतही असे.

मधल्या काळात इशारे मिळत होते. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून पुढच्या लोखंडी गार्डांवर, म्हणजे बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. पादचाऱ्याला त्याचा मार जबर बसतो आणि धडकेत चेपून धक्का शोषण्याची गाडीची रचना त्याने निकामी होते, ही कारणं खरी आहेत. गार्डच्या बाबतीत मी सरकारच्या बाजूचा आहे.

मग जानेवारी 2019 चा निकाल आला. प्रकरण केरळमधलं होतं. तिथल्या उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांचा आधार घेऊन वाहनाच्या रचनेत बदल करायला मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. राज्याचा नियम मूळ कायद्याच्या वर जाऊ शकत नाही आणि उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. वर्तमानपत्रांत मथळे आले की आता गाडीत काहीच बदलता येणार नाही. दुसऱ्या दिवसापासून गॅरेजांत घबराट. कुणी कॅरिअर उतरवलं, कुणी स्टिकर खरवडले, कुणी सीट कव्हरसुद्धा काढायला निघालं.

निकालातला कळीचा शब्द ‘तपशील’ आहे, आणि मथळ्यांतून नेमका तोच गळला. आरसीत काय लिहिलेलं असतं? बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, इंधन, इंजिनची क्षमता, चाकांमधलं अंतर, रिकामं वजन, रंग. यांपैकी उत्पादकाने ठरवलेली गोष्ट बदलली तर कलम लागतं. सीट कव्हर आरसीत नसतं. फाळक्याचा आकडाही नसतो. मात्र हौद्याच्या जागी बंद डबा आला की बॉडीचा प्रकार बदलला. चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत जादा पाटे चढवले तर आरसीतला भार तोच राहतो आणि गाडी त्याहून जास्त ओढते, ते निराळंच दुखणं. मालवाहू वाहनाच्या आरसीत टायरची संख्या आणि मापही नोंदलेलं असतं. पिवळ्या पाटीवाल्याने, म्हणजे धंद्याची नोंदणी असलेल्याने, मोठे टायर टाकले की कागद आणि गाडी उघडच जुळत नाहीत.

माझा आक्षेप निकालाच्या तत्त्वावर नाही. चाचणी झालेल्या गाडीचा सांगाडा कुणीही कापावा, हे मलाही मान्य नाही. पण त्याच कायद्याच्या नियमावलीत दोन वेगळे फॉर्म आहेत, आणि त्यांबद्दल त्या वेळी कुणी धड सांगितलं नाही. पूर्ण तयार गाडीला फॉर्म 22. बॉडी वेगळी बांधली जाणार असेल तर फॉर्म 22-ए, ज्याचा पहिला भाग उत्पादक भरतो आणि दुसरा बॉडी बांधणारा. चॅसी बॉडीसाठी कारखान्यात अडकून राहणार असेल तर तात्पुरत्या नोंदणीची सोय कायद्यात आहे. म्हणजे पोटापाण्यासाठी वेगळी बॉडी बांधणं कायद्याला मंजूर आहे, फक्त ती कायम नोंदणीच्या आधी बांधायला हवी. मासळीवाल्याला हे एवढं जरी कुणी समजावलं असतं, तरी नोंदणीनंतर केलेलं काम पुन्हा कापायची पाळी कितीतरी जणांवर आली नसती.

कायद्याच्या 2019 सालच्याच दुरुस्तीने शिक्षाही वाढवली. कलम 182-ए नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द गॅरेजवाल्यांना आता तोंडपाठ आहेत.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हा प्रश्न एकदाच येऊन संपत नाही. पासिंगच्या आदल्या संध्याकाळचं दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. जादा दिवे उतरवले जातात, वायरी गुंडाळून सीटखाली जातात, जुने टायर गोदामातून निघतात, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या नव्याने चिकटतात. दोन दिवसांनी सगळं परत चढतं. या चढउतारात बोल्टची भोकं सैल होतात, वायरिंगचे जोड उघडे पडतात, आणि जी सुरक्षितता नियमाला हवी होती तीच कमी होते.

पांढऱ्या पाटीवाल्यांची कथा निराळी. 2016 मध्ये इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स आली, तेव्हा खासगी नोंदणीचा, दोन ओळींच्या सीटचा डिझेल पिकअप घेणारा नवा वर्ग मुंबईत तयार झाला. त्यांची मागणी कॅनोपी, रोल बार, लिफ्ट किट, विंच आणि जाड नक्षीचे टायर यांची. गाड्यांच्या सामानाचा बाजार असलेला कुर्ल्याचा सीएसटी रोड यांच्यामुळे गजबजला. यांच्याकडे पैसा आहे, वकीलही आहेत, त्यामुळे निकालानंतर आवाज यांचाच जास्त ऐकू आला.

इंजिनातल्या बदलांवर मात्र दोन्ही वर्गांनी गंभीर व्हायला हवं. मार्च 2017 च्या शेवटी बीएस-3 या जुन्या उत्सर्जन मानकाच्या गाड्यांची विक्री 1 एप्रिलपासून थांबवण्याचा आदेश आला, तेव्हा दोन दिवसांत सवलतीत गाड्या उचलायला झुंबड उडाली. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6. डिझेलमधलं गंधक 50 वरून 10 पीपीएमवर आलं आणि धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी, डीपीएफ, आली. ही गाळणी स्वतःला जाळून साफ करते, त्यासाठी धूर बराच तापावा लागतो, आणि तो तापतो सलग वेगाने गाडी चालली तर. सायन ते मस्जिद बंदर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते, डॅशवर दिवा पेटतो, इंजिनची ताकद उतरते. मग कुणीतरी सांगतं, काढून टाक, रिमॅप करून घे, म्हणजे इंजिनच्या संगणकाची मांडणी बदलून घे. ऐकू नका. आठवड्यातून एकदा गाडी पूर्व द्रुतगती मार्गावर किंवा पनवेलच्या पुढे अर्धा तास मोकळी पळवली तर बहुतेक वेळा काम भागतं. गाळणी काढली की उत्सर्जनाचा नियम मोडतो, वॉरंटी जाते, आणि ती काजळी गाडीमागे चालणाऱ्यांच्या छातीत जाते.

अलीकडची दोन वळणं पैशांची आहेत. राज्याच्या 2025 च्या अर्थसंकल्पात 7500 किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर ठरला. त्याच वर्षी 22 सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. खासगी नोंदणीच्या डिझेल गाडीला मुंबईत किमतीनुसार 13 ते 15 टक्के रोड टॅक्स पडतो. पांढरी पाटी की पिवळी, हा हिशेब आता लाखाच्या घरात जातो.

तिसरं वळण अजून पूर्ण झालेलं नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेवरून डिझेल-पेट्रोल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, असा प्रश्न विचारला आणि राज्याने त्यावर अभ्यास समिती नेमली. त्यानंतर बॉडीवाल्यांकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बदलला. पूर्वी तो विचारायचा, हौदा किती फुटी? आता विचारतो, डिझेल घेऊ की सीएनजी? आणि समंजस बॉडीवाला उत्तर देण्याआधी विचारतो, गाडी नंबरावर चढली का अजून? नसेल चढली, तर तो टेप काढतो आणि माप घ्यायला लागतो.