चिंतेने खंगणारे, चिंतेने सुटणारे

या बाबतीत मराठीचा कौल जुना आहे. काळजीने माणूस खंगतो, झुरतो, वाळतो. आणि कुणी अंगाने भरलेला दिसला की आपण म्हणतो, 'सुख मानवलंय!' टेन्शनने वजन वाढतं, हे वाक्य आज सर्रास कानावर पडत असलं तरी भाषेच्या मानाने ते कालचंच. शास्त्राच्या मानानेही फार जुनं नाही. गंमत म्हणजे सुरुवातीचे सगळे प्रयोग म्हणींच्याच बाजूने बोलत होते.

क्ष-किरणांचा शोध 1895 चा. त्यानंतर दोनेक वर्षांत हार्वर्डमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी वॉल्टर कॅनन मांजरींना बिस्मथ मिसळलेलं अन्न भरवून त्यांचं जठर पडद्यावर बघत बसला होता. अन्न पुढे ढकलणाऱ्या लाटा एकामागून एक छान चालू असायच्या. मांजर चिडली, सुटायला धडपडू लागली की लाटा थांबायच्या. तिला कुरवाळून शांत केलं की पुन्हा सुरू. संकटात शरीर पचनाचं काम बाजूला ठेवून रक्त आणि साखर स्नायूंकडे वळवतं, हे 'लढा किंवा पळा' सूत्र त्याने पुढे 1915 च्या सुमारास मांडलं. परीक्षेच्या सकाळी घास का उतरत नाही, याचं उत्तर त्यात आलं.

हान्स सेल्ये याने 1936 मध्ये माँट्रियलहून 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकाला एक छोटं पत्र पाठवलं. थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्य. उंदरांना त्रास कोणताही द्या, परिणाम तेच: मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. यातूनच 'स्ट्रेस' हा शब्द वैद्यकात रुळला. सेल्येचं मोठेपण मान्य करूनही दोन गोष्टी सांगायला हव्यात. पुढे त्याने तंबाखू कंपन्यांकडून पैसे घेतले. आणि माणसाच्या अल्सरचं खापर कित्येक वर्षं निव्वळ ताणावर फुटत राहिलं. बहुतेक अल्सरच्या मुळाशी जठरातला एक जिवाणू असतो, हे 1980 च्या दशकात कळलं.

चरबीचा धागा मात्र ताणाच्या अभ्यासातून आला नाही, तो आला एका दुर्मीळ आजारातून. मेंदूचा शल्यविशारद हार्वे कुशिंग याने 1912 मध्ये 23 वर्षांच्या एका तरुणीची नोंद केली: चेहरा गोल गरगरीत, पोट सुटलेलं आणि हातपाय त्या मानाने काटकुळे. हा सगळा कॉर्टिसॉल या ॲड्रिनल संप्रेरकाच्या अतिरेकाचा खेळ आहे, हे नंतर उलगडलं. मग 1948 मध्ये संधिवाताच्या रुग्णांना त्याच कुळातलं कॉर्टिझोन टोचलं गेलं. अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. 1950 चं नोबेलही मिळालं. पण औषध लांबलं तशी भूक वाढली, चेहरे चंद्रासारखे वाटोळे झाले आणि पोटं सुटली.

इथे कोडं सुटायला लागतं. ताण आला की पहिल्या काही मिनिटांत ॲड्रिनल ग्रंथींचंच दुसरं संप्रेरक, ॲड्रेनलिन, भूक मारतं. कॉर्टिसॉल मागून येतं आणि रेंगाळतं. खर्चलेला साठा भरून काढायला ते भूक चेतवतं, स्नायूंतली प्रथिनं मोडतं आणि इन्शुलिनच्या जोडीने चरबी पोटात साठवतं. वाघापासून पळणाऱ्याला हा हिशेब परवडतो. खुर्चीत बसून महिनोन्महिने धास्तावलेल्याने काही खर्चलेलंच नसतं, पण भरणा सुरूच राहतो.

ती चरबी कुठे बसते, हाही प्रश्न होताच. मार्सेचा डॉक्टर जाँ व्हाग 1947 पासून सांगत होता की मांड्यांवरच्या चरबीपेक्षा पोटावरची घातक. मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार तिच्याच मागून येतात. त्याचं म्हणणं गांभीर्याने घ्यायला तीनेक दशकं लागली. ब्रिटनच्या 10,308 सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ पाहणीतून 2006 मध्ये निघालं की वर्षानुवर्षं कामाचा ताण सोसणाऱ्यांत मेटाबॉलिक सिंड्रोमचं, म्हणजे वाढलेली कंबर, साखर, रक्तदाब वगैरेंच्या एकत्र येण्याचं, प्रमाण दुपटीहून जास्त होतं.

मला सगळ्यात पटतो तो मेरी डॅलमन यांचा 2003 चा सिद्धांत. ताणाखालचे उंदीर साधं खाद्य कमी खातात आणि वजन घटवतात. पण समोर साखर आणि चरबी ठेवली तर तिच्यावर ताव मारतात, आणि त्याने त्यांच्या मेंदूतली ताणाची यंत्रणा खरोखर थोडी शांत होते. म्हणजे रात्री उशिरा डब्यात हात घालणाऱ्याला मिळणारा दिलासा काल्पनिक नाही. माणसांतही तोच फरक दिसतो: ताणात काही जास्त खातात, काहींचं खाणंच तुटतं, आणि खाणं वाढलेलेसुद्धा बहुधा गोडाकडे वळतात, भाजीकडे नाही.

ताणाने चेहरा गोल सुजतो असं सांगणाऱ्या 'कॉर्टिसॉल फेस'च्या व्हिडिओंनी यातलं कुशिंगचं टोक तेवढं उचललंय. रोजच्या ताणाने कॉर्टिसॉल त्या आजाराइतकं चढत नाही. 2017 मध्ये लंडनच्या संशोधकांनी अडीच हजारांवर लोकांच्या केसांच्या दोन सेंटिमीटर बटा तपासल्या. त्यात साधारण दोन महिन्यांचं कॉर्टिसॉल साठलेलं असतं. ते जास्त असलेल्यांची कंबरही जास्त भरली. पण आधी कॉर्टिसॉल वाढलं की आधी पोट, हे केसांवरून सांगता येत नाही.