६१७४: सात वजाबाक्यांच्या आत

देवळालीच्या शाळेतील शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा जो गुणधर्म शोधला आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, तो पडताळायला शाळकरी वजाबाकी पुरते. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. अट एवढीच की तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून होणाऱ्या संख्येतून तेच अंक चढत्या क्रमाने लिहून होणारी संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया करत राहावे. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ हे उत्तर येते, आणि त्यापुढे ७६४१ − १४६७ = ६१७४ असे तेच उत्तर कायम राहते.

कापरेकरांचा जन्म डहाणूचा, साल १९०५. हेच साल घेतले तर नेमक्या सातही पायऱ्या चढाव्या लागतात: ९५१० − ०१५९ = ९३५१, मग ९५३१ − १३५९ = ८१७२, आणि त्यापुढे अनुक्रमे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ व ६१७४. एक पथ्य मात्र पाळावे लागते. २१११ पासून निघाल्यास पहिले उत्तर ०९९९ येते. त्यातील आरंभीचे शून्य गाळले, तर पुढची वजाबाकी ९९९ − ९९९ अशी होऊन सारा खेळ शून्यावर आटोपतो.

हे घडते कसे? उतरत्या क्रमातील अंकांना क, ख, ग, घ म्हणू. वजाबाकीचे उत्तर ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) इतके येते, म्हणजे मूळ अंक कोणते होते याला महत्त्व उरत नाही, केवळ दोन फरक उरतात. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही, त्यामुळे अशा जोड्या ५४ च होतात. जवळजवळ नऊ हजार संख्यांची गर्दी पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येते, आणि ही ५४ उत्तरे चिकाटी असलेला कोणीही एका दुपारी हाताने तपासू शकतो. फरक ६ आणि २ असले की ५९९४ + १८० = ६१७४.

या ५४ उत्तरांच्या अंकांची बेरीज १८ किंवा २७ असते. ६१७४ ची १८ आहे. १८ ने ६१७४ ला नि:शेष भाग जातो (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांचेच), आणि भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन. शिवाय १८, त्याचा वर्ग ३२४ आणि घन ५८३२ यांची बेरीजही ६१७४ च भरते. मला तरी हा देखणा योगायोगच वाटतो.

शक्यता मर्यादित असल्या की कोणतीही क्रिया कधीतरी फेऱ्यात सापडणारच, त्यात नवल नाही. नवल आहे ते चार अंकी संख्यांत मुक्काम एकच असण्याचे. तीन अंकांतही ४९५ हा एकच मुक्काम आहे, पण दोन अंकी संख्या ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ अशा फिरत राहतात. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन स्थिर संख्या आहेत. पाच अंकांत तर एकही नाही: ५३९५५ वरून ५९९९४ येते आणि ५९९९४ वरून परत ५३९५५.