सैल झोळीचं गणित

पहिल्यांदा हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची झोळी, बांधला तेव्हा मी तो कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताणला होता. झोळ राहिला तर पाठ दुखेल, असा माझा हिशेब. आत बसलो, कर्रकन शिवण उसवली आणि मी जमिनीवर.

दोष वजनाचा नव्हता, कोनाचा होता. समजा, वजन 70 किलो आहे. दोरी आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांवर प्रत्येकी 70 किलोंइतका ताण येतो. कोन 10 अंशांवर आला की तोच ताण 200 किलो, आणि 5 अंशांवर 400! वजन पेलतो तो ताणाचा फक्त उभा हिस्सा. दोरी जितकी आडवी, तितका हा हिस्सा किरकोळ. मग ती तूट भरून काढायला एकूण ताण वाढत जातो. ओली चादर टाकल्यावर दोरी कितीही ताणा, मधे झोळ पडतोच, तोही यामुळेच. उसाच्या फडाकडेला एकाच फांदीला साडीची झोळी टांगतात, तिथे दोन्ही पदर जवळजवळ उभे असतात, म्हणून प्रत्येकावर बाळाचं निम्मंच वजन येतं.

कोनमापक कोण नेतो जंगलात? अंगठा उभा, तर्जनी आडवी धरा. दोन्ही टोकं जोडणारी तिरकी रेष साधारण 30 अंशांची असते. दोरी त्या रेषेत आली की पुरे.

आता पाठीचं. झोळीत सरळ झोपलं तर माणसाचं केळं होतं. तिरकं झोपायचं, डोकं एका काठाकडे, पाय दुसऱ्या. कापड पसरतं आणि पाठ सपाट होते. त्यासाठी कापड लांब हवं, निदान 3 मीटर. बहामा बेटांवरचे लोक जाळीच्या झोळ्यांत झोपतात हे कोलंबसने 1492 मध्ये पाहिलं होतं. पण आपण जाळीच्या भानगडीत पडू नये. दाट विणीचं कापड घ्यावं, कारण डास पातळ कापडातून खालूनही चावतात.

डिसेंबरात सह्याद्रीत थंडीही खालूनच येते. ऊब देते ती स्लीपिंग बॅगच्या भरणात अडकलेली हवा, आणि पाठीखाली ती दाबून निघून जाते. आत फोमची चटई टाका, किंवा गोधडी झोळीच्या बाहेरून खाली अलगद बांधा, म्हणजे ती चेपणार नाही.

झाड जिवंत हवं. वर वाळकी फांदी लोंबत नाही ना, हे आधी पाहायचं. शेवगा, पांगारा नको, लाकूड ठिसूळ. खोडाला बारीक दोरी करकचून बांधू नये, सालीखालूनच झाडाचं अन्न वाहतं. दोन बोटं रुंद पट्टा वापरावा.

पाऊस असेल तर ताडपत्रीच्या आत, झोळीजवळ, दोरीला सुतळीचा वीतभर तुकडा बांधा. खोडावरून दोरीने ओघळत आलेलं पाणी तिथे वळतं आणि रात्रभर झोळीबाहेरच ठिबकत राहतं.