स्टर्लिंगच्या ग्रेट हॉलचा चुन्याचा अंगरखा

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग किल्ल्यात १९९९ साली ग्रेट हॉलभोवतीच्या परांच्या उतरल्या आणि आतून फिकट सोनेरी रंगाची इमारत बाहेर आली. आजूबाजूच्या सगळ्या वास्तू करड्या दगडाच्या, त्यामुळे अनेक स्थानिकांना हा रंग खटकला. पण चूक रंगात नव्हती. उघड्या दगडाचा किल्ला ही आपल्या डोळ्यांना लागलेली सवय आहे. ओबडधोबड दगडी भिंत चुन्याने झाकणे हीच तिथली जुनी रीत.

चौथ्या जेम्स राजासाठी हा हॉल १५०३ च्या सुमारास पूर्ण झाला. लांबी ४२ मीटर, रुंदी १४ मीटरांहून थोडी अधिक, शेकोट्या पाच. पाचव्या जेम्सचा राजवाडा १५४० च्या आसपासचा आणि चॅपल १५९४ चे. सहावा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडचा राजा होऊन लंडनला गेला, आणि दरबार उठला. पुढे लष्कराने ग्रेट हॉलची बराक केली. आत मजले आणि भिंती घातल्या, जुने छत उतरवले. सैन्य १९६४ साली निघाले. हॉल मूळ रूपात आणायला त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लागला.

आता चुन्याकडे वळू. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि वजन ४४ टक्क्यांपर्यंत घटते. उरतो तो कळीचा चुना. पाण्यात टाकताच तो उकळी फुटेल इतका तापतो. विरवलेला चुना काही महिने पाण्याखाली मुरू दिला की लोण्यासारखा मऊ होतो. त्याच्या एका भागाला तीन भाग वाळू घेतात, कारण वाळूच्या कणांमधली पोकळी साधारण एक तृतीयांश असते आणि चुन्याने ती नेमकी भरायची असते. वाळू टोकदार, लहानमोठ्या कणांची हवी. सगळे कण गोल आणि सारखे असतील तर गिलावा फुटतो.

स्कॉटलंडमधल्या हार्लिंग पद्धतीत या मिश्रणात बारीक खडी घालून ते थापीने भिंतीवर जोरात फेकतात. आदळल्यामुळे मिश्रण दगडाच्या खाचाखोचांत दबून बसते आणि हवा निघून जाते. खरखरीत पृष्ठभागाचे क्षेत्रफळ मोठे, म्हणून मुरलेला पाऊस लवकर वाळतो.

खरी परीक्षा इथून पुढे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन पुन्हा दगड होतो, पण तो वायू आधी पाण्यात विरघळावा लागतो. भिंत कडक वाळली तर क्रिया थांबते आणि गिलावा भुकटीसारखा झडतो. ती चिंब राहिली तर छिद्रे पाण्याने भरून वायू आत जात नाही. त्यात ते पाणी गोठले तर बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि कच्चा थर सुटून येतो. म्हणून काम ५ अंशांखाली करत नाहीत, आणि नव्या भिंतीवर ओले गोणपाट टांगतात.

शेवटी पाण्यात कालवलेल्या चुन्यात गेरूच्या जातीची पिवळी माती मिसळून दुधाइतके पातळ चार-पाच हात देतात, प्रत्येक वेळी भिंत ओलावून. चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की बहुतेक वनस्पतिजन्य रंग त्यात विटतात. लोहाची माती टिकते. चुन्याऐवजी सिमेंट वापरले तर ओल दगडातूनच बाहेर पडू पाहते, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि वालुकाश्म पापुद्र्यांनी गळतो. चुना स्वतः झिजतो, दगडाला झिजू देत नाही.

ग्रेट हॉलच्या नव्या छतासाठी सुमारे ३५० ओक वृक्ष लागले. सांधे लाकडी खुंट्यांनी जखडले, कारण ओकमधले टॅनिन नावाचे तुरट द्रव्य लोखंडी खिळे खाऊन टाकते.

राजवाड्यातही उघडे-झाकलेले हाच प्रश्न उभा होता. तिथल्या छतावरच्या, सुमारे मीटरभर व्यासाच्या ओकच्या कोरीव चकत्यांना 'स्टर्लिंग हेड्स' म्हणतात. १७७७ साली छताचा काही भाग कोसळल्यावर त्या काढून टाकल्या गेल्या. नव्या ३७ प्रतिकृती कोरून भडक रंगांत रंगवल्या आणि २०११ साली दालने खुली झाली. वाचलेल्या मूळ चकत्या त्याच किल्ल्यात वेगळ्या दालनात, रंग न लावता ठेवल्या आहेत.