लिपोप्रोटीन नॅनोकण आणि उपजत प्रतिकारशक्ती

रक्तातून मेद वाहून नेणाऱ्या नैसर्गिक कणांच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बांधलेल्या आणि औषध भरलेल्या अतिसूक्ष्म कणांना लिपोप्रोटीन नॅनोकण म्हणतात. जंतूची आधीची ओळख नसतानाही शरीर जो पहिला प्रतिकार करते, ती उपजत प्रतिकारशक्ती. गरजेप्रमाणे ती चेतवण्यासाठी किंवा आवरण्यासाठी हे कण वापरता येतील का, याचा शोध सध्या घेतला जात आहे.

करडईचे तेल पाण्यात मिसळत नाही, तसाच मेदही रक्तात मिसळत नाही. म्हणून शरीर तो फॉस्फोलिपिडांच्या, म्हणजे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे मेदाकडे ओढ घेणाऱ्या रेणूंच्या, एकेरी थरात गुंडाळते आणि त्यावर प्रथिनाचा वेढा घालते. अशा कणांपैकी सर्वांत लहान असलेल्या एचडीएलचा व्यास साधारण ७ ते १३ नॅनोमीटर असतो. लातूर किंवा अंबाजोगाईत उपाशीपोटी रक्त देऊन आणलेल्या लिपिड प्रोफाइलच्या कागदावर ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणून ज्याचा आकडा आपण शोधतो, ते हेच एचडीएल. मात्र ही ओळख फार तोकडी आहे, कारण काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातील विषारी घटकाला बांधून ठेवण्याचे कामही एचडीएल करते.

कृत्रिम एचडीएलसाठी मुख्यतः दोन गोष्टी लागतात: २४३ अमिनो आम्लांचे अपोलिपोप्रोटीन ए-१ हे प्रथिन आणि फॉस्फोलिपिड. योग्य प्रमाणात एकत्र आणल्यावर ती आपोआप जुळून कण बनतात. यातले फॉस्फोलिपिड मराठवाड्याला परके नाही. सोयाबीनच्या कच्च्या तेलात गरम पाणी घालून ते ढवळले की तपकिरी, चिकट साका वेगळा होतो, हेच लेसिथिन. ते पुरेसे शुद्ध केल्यावर मिळणारे फॉस्फॅटिडिलकोलिन अशा कणांसाठी वापरले गेले आहे. पाण्यात न विरघळणारे औषध या मेदाच्या थरात सहज सामावते. कणाचे घटक शरीराच्या ओळखीचे असल्याने तो परका ठरण्याची शक्यता कमी असते, आणि मोनोसाइट व मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी व अस्थिमज्जेतील त्यांच्या पूर्वज पेशी त्याला आत घेतात. या पद्धतीचे खरे बळ इथे आहे, कारण नेमक्या याच पेशी उपजत प्रतिकाराचा कणा आहेत.

या पेशींना स्मृती नसते, असे दीर्घकाळ मानले जात होते. ही समजूत बदलण्यात बीसीजी लसीचा मोठा वाटा आहे. मराठवाड्यातल्या बहुतेकांच्या डाव्या दंडावर तिचा वण दिसतो. क्षयासाठी दिलेली ही लस उपजत पेशींच्या गुणसूत्रांवरील रासायनिक खुणा बदलते, त्यामुळे पुढे वेगळ्याच जंतूशी गाठ पडली तरी त्या पेशी अधिक जोमाने प्रतिसाद देतात. २०११ मध्ये या गुणाला ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ हे नाव मिळाले. मूत्राशयाच्या कर्करोगात बीसीजी थेट मूत्राशयात सोडण्याचा उपचार तर १९७६ पासून ज्ञात आहे.

लिपोप्रोटीन कणांनी हेच प्रशिक्षण दोन्ही दिशांनी वळवता येते. जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतील म्युरामिल डायपेप्टाइड या तुकड्यापासून बनवलेला रेणू एचडीएलमध्ये भरून उंदरांना दिला, तेव्हा अस्थिमज्जेतील पूर्वज पेशी चेतल्या आणि त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगाची गाठ वाढण्याचा वेग मंदावला. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट, २०१८ च्या प्रयोगात रॅपामायसिन हे प्रतिकार दडपणारे औषध त्याच प्रकारच्या कणांत भरून हृदय-प्रत्यारोपण केलेल्या उंदरांना थोडेच दिवस दिले, तेव्हा मॅक्रोफेज पेशींचे दाहक प्रशिक्षण रोखले गेले आणि परके हृदय अधिक काळ टिकले. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला आज प्रतिकार दडपणाऱ्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, आणि त्यांमुळे जंतुसंसर्गाचा धोका कायम डोक्यावर असतो. त्याच्या दृष्टीने ही दुसरी दिशा पहिलीइतकीच, कदाचित अधिक मोलाची आहे.

उंदरांच्या रक्तातील मेदाची वाहतूक माणसापेक्षा बरीच वेगळी असते; त्यांच्यात बहुतांश कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच असते. त्यामुळे हे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लागू होत नाहीत. शुद्ध प्रथिन मोठ्या प्रमाणावर मिळवणे महाग पडते, आणि प्रत्येक घाण्यातील कण एकसारखे निघावेत यासाठी कसून तपासणी करावी लागते. प्रतिकारशक्ती बदलणारे औषध न भरलेले, रक्तद्रवातील प्रथिनापासून बनवलेले असे कण मात्र माणसांना मोठ्या संख्येने देऊन झाले आहेत: हृदयविकाराचा झटका आलेल्या १८ हजारांहून अधिक रुग्णांच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यातून एकदा असे चार वेळा ते शिरेतून देण्यात आले. पहिल्या ९० दिवसांत पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण त्याने लक्षणीय घटले नाही.